नागपूर युनिव्हर्सिटीचे पोट्टे असेच असतात का?

नागपूर युनिव्हर्सिटीचे पोट्टे कसे असतात, हे महाराष्ट्रात सगळ्यांनाच माहीत असतं. वर्षभर वर्गाचं तोंड पाहत नाहीत. पेपरच्या आदल्या रात्री कोणाकडून तरी आयएमपी मागवतात. इंग्रजीत दोन वाक्यं बोलायची वेळ आली की मान खाली. नोकरी लागली तर लागली, नाहीतर एमपीएससी आहेच. आणि तालुक्याच्या कॉलेजातले असतील, समजा आमच्या पारशिवनीचे, तर विचारूच नका. ते म्हणे ॲडमिशनच्या दिवशी दिसतात आणि नंतर थेट हॉल तिकीट घ्यायला उगवतात.

पुण्या-मुंबईचे लोक आपल्याला असं समजतात, अशी आपली तक्रार असते. पण हे सगळ्यात जास्त वेळा म्हणतं कोण? आपणच. नागपूरच्या कॉलेजातले कन्हानवाल्यांना म्हणतात, कन्हानवाले पारशिवनीवाल्यांना म्हणतात आणि पारशिवनीत राहणारे पेंचच्या जंगलाकडून येणाऱ्यांना. प्रत्येकाला आपल्याखाली एक पायरी सापडते.

‘असं कोणाला नावं ठेवू नये’ हे उत्तर चांगलं आहे, पण त्याने प्रश्न सुटत नाही. यातलं खरं किती, हे तरी एकदा तपासायला काय हरकत आहे?

आपण बोलतोय कोणाबद्दल?

4 ऑगस्ट 1923 ला नागपूर विद्यापीठ सुरू झालं तेव्हा त्याच्याकडे सहा कॉलेजं आणि 927 विद्यार्थी होते. तेवढ्या मुलांबद्दल ‘ते असे असतात’ असं कोणी म्हटलं असतं तर एक वेळ चाललं असतं. आज राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ म्हणजे नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया असे चार जिल्हे आणि शेकडो कॉलेजं. सिव्हिल लाइन्समध्ये राहून गाडीवर कॉलेजला जाणारी मुलगी या विद्यापीठाची. छत्तीसगडच्या सीमेजवळ देवरीत शिकणारा मुलगाही याच विद्यापीठाचा. तुमसरचा, हिंगणघाटचा, आर्वीचा, पारशिवनीचा, सगळे याच विद्यापीठाचे. या सगळ्यांना एकच विशेषण कसं काय पुरेल?

याहून मजेशीर गोष्ट हद्दींची आहे. 1983 मध्ये अमरावती विद्यापीठ वेगळं झालं. 2011 मध्ये चंद्रपूर आणि गडचिरोलीसाठी गोंडवाना विद्यापीठ निघालं. म्हणजे गडचिरोलीच्या कॉलेजात ॲडमिशन घेणारा मुलगा 2011 च्या आधी ‘नागपूर युनिव्हर्सिटीचा पोट्टा’ होता, नंतर राहिला नाही. त्याचं गाव तेच, कॉलेज तेच, बस तीच. मग स्वभाव बदलला का त्याचा? मार्कशीटवरच्या नावाने माणूस बदलत नसेल, तर त्या नावावरून माणूस ओळखता कसा येईल?

पुण्याबद्दल आपणही हेच करतो. ‘पुणे युनिव्हर्सिटीचे’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फर्ग्युसन रस्ता येतो आणि फाडफाड इंग्रजी येतं. पण त्या विद्यापीठात पुण्याबरोबर अहिल्यानगर आणि नाशिक जिल्हेही आहेत. सुरगाण्याच्या आदिवासी पाड्यावरून निघून बसची वाट पाहणारी मुलगी कागदोपत्री ‘पुणे युनिव्हर्सिटीची’च आहे. तिचं आणि पारशिवनीच्या मुलीचं जास्त जमेल. फर्ग्युसनवाल्याशी दोघींचंही कमीच जमेल.

जे खरं आहे ते खरं आहे

म्हणून सगळंच खोटं आहे, असं म्हणून सुटता येत नाही. वर्ग रिकामे असतात, हे खरं आहे. तालुक्याच्या कॉलेजात दुपारी कधीही जाऊन बघा, हजेरीपटावर जेवढी नावं असतात त्याच्या निम्मीही डोकी बाकांवर नसतात. गाइड आणि अपेक्षित प्रश्नसंच वाचून पेपर दिले जातात, हेही खरं आहे. हे डोळ्यांना दिसतं, म्हणून लोक बोलतात. पण लोकांना दिसतं ते बरोबर आणि त्याचं ते सांगतात ते कारण चूक, असंही होऊ शकतं. लोक कारण सांगतात : आळशी आहेत.

आता पारशिवनी तालुक्याचा नकाशा बघा. एका बाजूला कन्हान, गोंडेगावच्या कोळसा खाणी. दुसऱ्या बाजूला पेंच व्याघ्र प्रकल्प, कोलितमारा आणि जंगलालगतची गावं. अशा गावात दिवसातून मोजक्या गाड्या येतात. सकाळची एसटी चुकली की पहिले दोन तास गेले. संध्याकाळची पकडायची तर शेवटचा तास सोडायचा. कापूस वेचणीला आला की घरात एक माणूस कमी पडतो, आणि तो माणूस बहुतेक वेळा कॉलेजात शिकणाराच असतो. वेचणी आणि हिवाळी परीक्षा हातात हात घालूनच येतात.

मुलींचं आणखी वेगळं. गावातल्या मुलीला बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत असतो. कॉलेजात गेलं की पैसे भरून पास काढावा लागतो. सवलत आहे, 66.67 टक्के आहे, पण उरलेला एक तृतीयांश दर महिन्याला घरी मागावा लागतो. आणि घरी मागितलं की ‘रोज जाणं गरजेचं आहे का?’ हा प्रश्न येतो. ज्या मुलीला आपण ‘फक्त परीक्षेला येणारी’ म्हणतो, तिच्या घरी या प्रश्नावर किती वेळा बोलणं झालं असेल, हे हजेरीपटावर दिसत नाही.

पण सगळं एसटीवर ढकलू नका. कॉलेजपासून पाच मिनिटांवर राहणारे, घरी बाइक असलेलेही येत नाहीत. त्यांचं काय? त्यांचं गणित सरळ आहे. वर्गात बसून जेवढे मार्क मिळतात तेवढेच न बसता मिळत असतील, तर बसायचं कशाला? मागच्या पाच वर्षांचे पेपर समोर ठेवले की पुढचा पेपर अर्धा ओळखता येतो. ज्या परीक्षेत गाइड पुरतं, त्या परीक्षेसाठी गाइड वाचणारा मुलगा आळशी नाही, हिशोबी आहे. परीक्षा बदला, मग बघा तो काय वाचतो ते.

कर्म कोणाचं, शिक्का कोणावर

मला सगळ्यात जास्त खटकतं ते इथे. नागपूर विद्यापीठाच्या पोरांबद्दल जे जे बोललं जातं, त्यातलं बरंचसं पोरांचं वर्णन नसतंच, ते व्यवस्थेचं वर्णन असतं. 1999 मध्ये या विद्यापीठातला गुणवाढ घोटाळा उघडकीस आला. पैसे घेऊन मार्क वाढवल्याच्या त्या प्रकरणाने ‘नागपूरची डिग्री’ हा विनोदाचा विषय झाला. आज बी.ए.च्या पहिल्या वर्षात बसलेली मुलं तेव्हा जन्मलीही नव्हती. तरी एखाद्या लग्नात कोणी काका ‘कुठली डिग्री? नागपूरची? अच्छा’ म्हणतात, तेव्हा त्या ‘अच्छा’त अजून तेच वर्ष असतं.

निकाल लांबला तर विद्यापीठ लांबवतं, पण मुलाखतीत ‘मार्कशीट अजून आलेली नाही’ हे सांगताना ओशाळतो विद्यार्थी. प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या राहतात, भरायच्या सरकारने असतात, पण ‘यांचा बेसिकच कच्चा आहे’ हा शेरा विद्यार्थ्याला मिळतो.

यावर आपलं ठरलेलं उत्तर असतं मोठ्या नावांची यादी. माजी सरन्यायाधीश शरद बोबडे इथूनच वकील झाले. हिंदीतले मोठे कवी मुक्तिबोध इथूनच एम.ए. झाले. अभिमान आहेच, पण वादात ही यादी कामाची नाही. एका मुक्तिबोधांवरून आपण सगळे हुशार ठरत नाही, आणि कॉपी करताना पकडलेल्या एका पोरावरून आपण सगळे चोर ठरत नाही. एकावरून सगळ्यांना मोजायची चूक दोन्हीकडे सारखीच आहे.

‘चालते न बे!’

या शिक्क्याने नुकसान काय होतं? एखादा एचआरवाला आपला अर्ज बाजूला ठेवतो, हे नुकसान आहेच. पण त्याहून मोठं नुकसान आपण स्वतःचं करतो. शिक्का आपल्या अंगावर इतका मुरलाय की तो आता आपल्याला सोयीचा वाटतो. प्रॅक्टिकल न करता जर्नल उतरवायचं असेल, प्रेझेंटेशन इंटरनेटवरून जसंच्या तसं उचलायचं असेल, तर कोणीतरी म्हणतंच, ‘अबे, नागपूर युनिव्हर्सिटी आहे, चालते न बे!’ आणि चालतं. सर पण म्हणतात, ‘तालुक्याची पोरं आहेत, होऊन जाते.’

म्हणजे विद्यापीठाने सुधारायची गरज नाही, कारण ‘पोट्टेच असे आहेत’. पोट्ट्यांनी सुधारायची गरज नाही, कारण ‘युनिव्हर्सिटीच अशी आहे’. दोघंही एकमेकांकडे बोट दाखवून निवांत. ज्या विद्यापीठाला 2005 मध्ये ‘ग्रामगीता’ लिहिणाऱ्या राष्ट्रसंतांचं नाव दिलं, त्या विद्यापीठात ‘गावाकडची पोरं’ हे शब्द कमी अपेक्षेचं कारण म्हणून वापरले जातात, याचं कोणालाच काही वाटत नाही.

म्हणून मागायचं असेल तर दोन्ही बाजूंनी मागू. विद्यापीठाकडून असा पेपर मागू, जो गाइडमधून सुटणार नाही. एसटीकडून कॉलेजच्या वेळेला जुळणारी गाडी मागू. आणि स्वतःकडून?

त्यासाठी एक संधी समोरच आहे. 2024-25 पासून पदवीला नवीन शैक्षणिक धोरण लागू झालं. त्यात फील्ड प्रोजेक्ट आणि प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला क्रेडिट आहेत. आता झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रोजेक्ट मिळतात, वर नाव बदललं की झालं. पण जरा विचार करा. फील्ड प्रोजेक्ट या एका गोष्टीत शहरातला विद्यार्थी आपल्यापेक्षा मागे आहे. त्याला फील्ड शोधायला गाडी काढावी लागते. आपण फील्डमध्येच राहतो.

नागपूर शहराला प्यायचं पाणी पेंच प्रकल्पाच्या नवेगाव खैरी धरणातून जातं. मग त्याच धरणाच्या कालव्याखालच्या शेतकऱ्याला पाण्याची किती पाळी मिळते? हा अर्थशास्त्राचा प्रोजेक्ट आहे. वाघाने गाय मारली की नुकसानभरपाई हातात पडायला किती दिवस आणि किती चकरा लागतात? हा राज्यशास्त्राचा आहे. खाणीच्या गावात घरातल्या भिंतींवर आणि छातीत किती धूळ बसते? विज्ञानवाल्यांनी मोजावी. याच तालुक्यातल्या नायकुंडला 1970 च्या दशकाच्या अखेरीस उत्खनन झालं आणि लोखंड गाळायची अडीच हजार वर्षांहून जुनी भट्टी सापडली. ते खोदायला पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे अभ्यासक इथवर आले होते. आज नायकुंडमधल्या किती घरांना ही गोष्ट माहीत आहे? इतिहासवाल्यांनी दारोदार जाऊन विचारावं.

असा एक प्रोजेक्ट खरोखर केला, तर मुलाखतीत ‘नागपूर युनिव्हर्सिटी का, अच्छा’ असं कोणी म्हटल्यावर आपल्याकडे सांगायला काहीतरी असेल. दहा शेतकऱ्यांशी बोलून जमवलेली माहिती कोणत्याही गाइडमध्ये नसते.

कॉलेजात प्रोजेक्टचा विषय विचारतील, तेव्हा झेरॉक्सच्या दुकानात जायच्या आधी एकदा कालव्यावर जाऊन या. एसटी नसली तर कोणाच्या तरी बाइकवर मागे बसा.