हेलसिंकीला खाशाबा एकटे गेले नव्हते

यंदा 15 जानेवारीला, म्हणजे खाशाबा जाधवांच्या जयंतीला, पुण्यातल्या एका शाळेत बोलायला गेलो होतो. राज्य क्रीडा दिन. हेलसिंकी 1952, कुस्तीतलं ब्राँझ, प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून दिलेले 7 हजार... पोरांना सगळं पाठ. मग विचारलं, त्याच ऑलिंपिकला आपल्या मुंबईची एक मुलगी पळायला गेली होती, तिचं नाव? पोरं गप्प. शिक्षकही गप्प.

नाव मेरी डिसूझा. राहणार वांद्रे. वय तेव्हा नुकतंच 21 पूर्ण. स्वतंत्र भारताकडून ऑलिंपिकला गेलेल्या पहिल्या चौघींपैकी एक. (दुसरी, पोहणारी आरती साहा, अवघ्या 11 वर्षांची!) मेरी 100 आणि 200 मीटर धावल्या, पहिल्या फेरीतच बाहेर पडल्या. पण जायला पैसे कुठून आले? वांद्र्याच्या शेजाऱ्यांनी नाचाचे आणि पत्त्यांचे कार्यक्रम ठेवून वर्गणी जमवली. कोल्हापुरात घर गहाण पडलं, वांद्र्यात पत्ते पिसले गेले. पहिली गोष्ट आपण छाती फुगवून सांगतो, दुसरी ऐकलेलीही नाही.

आणि बाई नुसत्या पळत नव्हत्या. 1951 च्या दिल्ली एशियाडमध्ये 200 मीटरला ब्राँझ, रिलेत रौप्य. 1953 मध्ये हॉकी स्टिक घेऊन भारताच्या संघातून इंग्लंडला, फोकस्टनच्या स्पर्धेला. पुढच्याच वर्षी मनिलाच्या एशियाडमध्ये 4 बाय 100 रिलेचं सुवर्ण. त्या चौघींतली स्टेफी डिसूझाही हॉकीवालीच बरं का. ऑलिंपिकमध्ये बायकांची हॉकी आली थेट 1980 ला. म्हणजे मेरी ज्या दोन खेळांत देशाकडून खेळल्या, त्यातला एक त्यांच्या उमेदीत ऑलिंपिकमध्ये नव्हताच.

आज हीच मुलगी पुण्यात असती तर? बालेवाडीला पोरींना सोडायला येणाऱ्या आयांशी बोलून बघा. दहाव्या वर्षी कोच सांगतो, "ताई, एकच गेम ठरवा." फी एका खेळाची, बॅच एका खेळाची. दुसऱ्या खेळात पोरगी रमली तर म्हणे फोकस नाही! मला हा शुद्ध धंद्याचा हिशेब वाटतो. रागवायचं त्यांनी खुशाल रागवा.

मेरीबाईंना ध्यानचंद पुरस्कार मिळाला 2013 ला, 82 व्या वर्षी. खाशाबांना तर अर्जुन मरणोत्तरच. तेव्हा उशीर सगळ्यांनाच. पण खाशाबांना निदान आपण आपलं म्हटलं. मेरी डिसूझा मराठी पेपरांत कधीतरी चौकटीपुरत्या येतात. आडनाव जाधव किंवा कुलकर्णी असतं तर? हा प्रश्न मी स्वतःलाही विचारतोय. वीस वर्षं बातम्या लिहितोय, मलाही त्यांचं नाव चाळिशीत कळलं.

पुढच्या 15 जानेवारीला त्याच शाळेत जाणार आहे. त्या वर्गणीच्या कार्यक्रमांचा जुना फोटो, तिकीट, काहीही कुणा वांद्रेकराच्या घरी असेल तर इनबॉक्समध्ये टाका.