सीट चामड्याची की रेक्झिनची? आधी ओळख, मग बाटली

कोल्हापूरचे आणि चामड्याचे नाते किती जुने आहे, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. सुभाषनगर-जवाहरनगरच्या गल्ल्यांतून तयार होणारी चप्पल जगभर गेली. २०१९ साली महाराष्ट्रातील चार व कर्नाटकातील चार अशा आठ जिल्ह्यांसाठी 'कोल्हापुरी' या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीच्या घाटाची चप्पल नाव न घेता मिरवली, तेव्हा इकडून आवाज उठला आणि कंपनीला तिचे मूळ भारतीय कारागिरीत असल्याचे मान्य करावे लागले. मालाला त्याचे खरे नाव मिळालेच पाहिजे, ही आपली तेव्हाची मागणी होती.

आज आम्ही हीच मागणी आपल्याच व्यापारी बंधूंसमोर ठेवणार आहोत. विषय आहे मोटारीच्या सीटचा. कुशनकाम, सीट कव्हर, मोटार अॅक्सेसरीज, वॉशिंग सेंटर आणि जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री या धंद्यांत आपले अनेक लोक आहेत. अलीकडे 'लेदर सीट' असलेल्या गाड्या वाढल्या आणि त्यांच्यामागोमाग दुकानांच्या फळ्यांवर 'लेदर क्लीनर' व 'लेदर कंडिशनर' यांच्या बाटल्यांची रांग लागली. गिऱ्हाईक विचारते, "यातले चांगले कोणते?" आणि दुकानदार ज्या बाटलीवर मार्जिन जास्त ती पुढे करतो. आमचे म्हणणे असे की, हा प्रश्नच अर्धवट आहे. सीट कशाची आहे हे ठरल्याशिवाय बाटली चांगली की वाईट हे सांगताच येत नाही.

तीन वस्तू, नाव एक

'लेदर सीट' या नावाखाली आज किमान तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली रेक्झिन, म्हणजे कापडावर पीव्हीसीचा थर. रेक्झिन हे मुळात इंग्लंडमधील एका कंपनीच्या मालाचे नाव. आपल्याकडे ते सगळ्याच नकली चामड्याचे नाव होऊन बसले. दुसरी वस्तू लेदरेट, म्हणजे कापडावर पॉलियुरेथेनचा थर. हात लावला तर मऊ, दिसायला हुबेहूब. तिसरी वस्तू अस्सल चामडे. त्यातही गंमत अशी की, पुष्कळ गाड्यांत माणूस जिथे टेकतो तेवढाच भाग चामड्याचा असतो आणि बाजू व पाठीमागचा भाग नकली असतो.

ओळखायचे कसे? वासावर जाऊ नये. वास बाटलीतूनही मारता येतो. सीटच्या खालची किंवा कव्हरच्या चेनमागची कड उलटून पाहावी. मागे विणलेले कापड दिसले तर माल नकली. मागे रेशेदार, मखमलीसारखी कच्ची बाजू दिसली तर चामडे. कारागिराच्या हातात कापलेला तुकडा असेल तर तो जाळूनही पाहता येतो. चामड्याला केस जळाल्यासारखा वास येतो, पीव्हीसी वितळून तिखट धूर सोडते. हा प्रयोग अर्थातच गिऱ्हाइकाच्या गाडीत करायचा नाही.

अस्सल चामड्यातही पुन्हा भेद आहेत. मोटारीचे बहुतेक चामडे क्रोमच्या क्षारांनी कमावलेले असते आणि त्यावर रंगाचा व वरून पारदर्शक पॉलियुरेथेनचा थर चढवलेला असतो. थोड्या महागड्या गाड्यांत 'अॅनिलिन' म्हणजे थर नसलेले, उघड्या छिद्रांचे चामडे सापडते. न दिसणाऱ्या कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब ठेवावा. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर वर थर आहे. जिरून डाग गडद झाला तर चामडे उघडे आहे.

चपलेचे तेल सीटला चालत नाही

आपल्या भागात एक समजूत घट्ट बसलेली आहे की, चामडे म्हटले की तेल पाजलेच पाहिजे. चपलेच्या बाबतीत ती खरी आहे. कोल्हापुरी चप्पल बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या चामड्याची असते. त्यावर प्लास्टिकचा थर नसतो, म्हणून तेल आत जिरते आणि चामडे मऊ राहते. घोड्याच्या खोगिराचेही तसेच. दसऱ्याला दसरा चौकात छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक गाडी पाहायला आपण सगळे गर्दी करतो. त्या जमान्यातल्या गाड्यांच्या चामड्यावरही आजच्यासारखा पॉलियुरेथेनचा थर नसे, म्हणून त्या काळच्या पुस्तकांत सीटला तेल-मेण लावायला सांगितलेले आढळते.

पण आजच्या सीटवर तेल ओतले तर ते जाणार कुठे? वर थर आहे, तो त्याला फारसे आत जाऊ देत नाही. ते वरच बसते, धूळ धरते, कपड्याला लागते आणि शिलाईच्या भोकांतून आत उतरून दोरा व फोम चिकट करते. खोबरेल तेलाची कथा तर सर्वांना ठाऊक आहे. डोके टेकायच्या जागी केसांचे तेल आणि घाम साचून थर मऊ पडतो आणि रंग सुटू लागतो. जे तेल डोक्यावरून येऊन सीट खराब करते, तेच आपण हौसेने बाटलीतून लावतो, याला काय म्हणावे?

मग सीटला भेगा पडतात त्या कशाने? बहुतेक वेळा तेलाअभावी नव्हे. आत-बाहेर करताना घासणारी दाराकडची कड, उन्हात तापणारी गाडी आणि सुरकुत्यांत बसलेली बारीक धूळ यांनी वरचा थर आधी झिजतो आणि मग तडकतो. आपल्याकडे तर शिरोली व गोकुळ शिरगावच्या फौंड्रीची वाळू कपड्यांबरोबर गाडीत येते. ती सुरकुतीत बसली की पॉलिश पेपरचे काम करते. म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की, थर असलेल्या सीटसाठी गिऱ्हाइकाच्या १०० रुपयांतले ८० रुपये स्वच्छतेवर आणि मेहनतीवर खर्च व्हावेत. कंडिशनरचा नंबर त्यानंतर.

क्लीनर निवडताना

चामडे स्वभावाने आंबट असते. आंबट-खाऱ्याचे जे पीएच माप आहे, त्यात शुद्ध पाणी ७ वर, तयार चामडे साधारण ३.५ ते ५ वर आणि कपडे धुण्याच्या पावडरीचे पाणी १० च्या आसपास बसते. पावडरीचे किंवा सोड्याचे पाणी मारले की मळ निघतो खरा, पण त्याबरोबर चामडे व थर दोघांचीही खराबी होते. बाटलीवर 'पीएच न्यूट्रल' किंवा किंचित आम्ल असे लिहिलेला, पाण्यावर आधारलेला सौम्य क्लीनर घ्यावा. 'सॅडल सोप' हे नाव भारी वाटते, पण तो खाऱ्या जातीचा साबण आहे. खोगिराला ठीक, मोटारीच्या सीटला नको.

थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर यांना हात लावू नये. २०२० च्या साथीत लोकांनी सॅनिटायझरने सीट पुसण्याची सवय लावून घेतली आणि काहींची अजून सुटलेली नाही. अल्कोहोलने वरचा थर सुटतो. डाग 'जादूने' काढणारा पांढरा स्पंजही खरे तर बारीक पॉलिश पेपरच आहे.

पद्धत अशी. आधी व्हॅक्यूमने वाळू-धूळ काढावी. क्लीनर सीटवर न ओतता मऊ ब्रशवर किंवा कापडावर घ्यावा; हवेची छिद्रे असलेल्या सीटला हे विशेष लागू. हलक्या हाताने फेस करून ओल्या कापडाने पुसावे आणि सावलीत सुकू द्यावे. हळदीचा डाग पडला असेल तर खारा साबण लावू नये, तो डाग लाल होतो. सौम्य क्लीनरने जेवढा निघेल तेवढा काढावा. हळदीचा राहिलेला रंग प्रकाशाने हळूहळू फिका पडतो. पावसाळ्यात बंद गाडीत बुरशी येते, ती गाडीबाहेर कोरड्या ब्रशने झाडून मग पुसावी. बुरशीवर तेलकट कंडिशनर चोपडू नये. वास दबतो, बुरशी राहते.

कंडिशनर कोणाला?

कंडिशनर सरसकट टाकाऊ आहे असे आम्ही म्हणत नाही. उघड्या अॅनिलिन चामड्याला आणि जुन्या गाड्यांच्या सीटला चांगल्या कंडिशनरचा उपयोग होतो. थर असलेल्या सीटलाही पाण्यावर आधारलेले संरक्षक द्रव्य लावले तर जीनच्या पँटचा निळा रंग बसत नाही, घासणे कमी होते. तेवढे सांगून जरूर विकावे. पण रेक्झिनला चामड्याचे कंडिशनर विकणे म्हणजे दगडी भिंतीला खत घालणे. रेक्झिन उन्हाने कडक होते ते त्यातला मऊपणा आणणारा द्रव उडून गेल्याने. चामड्याचे तेल ती जागा भरू शकत नाही. लेदरेट दमट हवेत आतून कुजते आणि पापुद्रे सुटतात. त्याला जोडणारे औषध कोणत्याही बाटलीत नाही. दोघांनाही सौम्य साबणाचे पाणी आणि सावली एवढेच पुरे.

सर्वांत जपायचे ते चमकवणाऱ्या सिलिकॉनच्या द्रवाला. जुन्या गाडीच्या बाजारात तो फार लाडका, कारण फवारा मारला की सीट आरशासारखी दिसते. पण नवी, चांगली सीट मुळात चमकत नाही. ती मंद असते. चमक ही बहुधा तेलाची, मळाची किंवा सिलिकॉनचीच असते. आणि कारागिराच्या दृष्टीने खरे नुकसान पुढे आहे. ज्या सीटवर सिलिकॉन बसले, तिच्यावर पुन्हा रंग धरत नाही.

हा मुद्दा आमच्या कुशनवाल्या बंधूंनी नीट ध्यानात घ्यावा, कारण यापुढची रोजी त्यात आहे. झिजलेली सीट साफ करणे, भेग भरणे, रंग जुळवून चढवणे आणि वर नवा थर देणे हे हाताचे, नजरेचे काम आहे. अख्खी सीट बदलण्याच्या तुलनेत ते गिऱ्हाइकाला स्वस्त पडते आणि कारागिराला बाटली विकण्यापेक्षा कितीतरी जास्त देऊन जाते. आज पन्नास-शंभर रुपयांच्या नफ्यासाठी सिलिकॉन मारून आपण उद्याचे आपलेच काम बिघडवतो आहोत.

बिलावर खरे नाव

काही जण म्हणतील, "गिऱ्हाइकालाच चमक हवी असते, लेदर हा शब्द ऐकायला हवा असतो, आम्ही काय करणार?" अडचण आम्हाला समजते. शेजारचा दुकानदार लेदरेटला लेदर म्हणून विकत असताना एकट्याने खरे बोलायचे म्हणजे त्या दिवसाचा धंदा घालवण्याची तयारी ठेवावी लागते. पण दोन वर्षांनी पापुद्रे सुटले की तेच गिऱ्हाईक दहा जणांना आपल्या दुकानाचे नाव सांगते. शिवाय २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा मालाच्या दर्जाबद्दल किंवा घटकांबद्दल खोटे सांगणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानतो. ब्राझीलने १९६५ साली आणि इटलीने २०२० साली कायदा करून नकली मालाला चामडे म्हणण्यास बंदी घातली. कॅनमधला द्रव बिननावाच्या बाटलीत भरून विकणाऱ्यांनीही आठवण ठेवावी की, २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांनुसार बाटलीवर उत्पादकाचे नाव-पत्ता, वजन-माप, महिना-वर्ष आणि किंमत लिहिलेली असावी लागते.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक बिलावर तीनपैकी एक शब्द लिहावा: चामडे, लेदरेट किंवा रेक्झिन. वॉशिंग सेंटरवाल्याने गाडी आत घेताना तोच शब्द कार्डावर लिहावा, म्हणजे पोराने कोणती बाटली उचलायची हे ठरून जाईल. नवे औषध प्रथम सीटच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून पाहावे. आणि गिऱ्हाइकाला ज्याची गरज नाही ते विकू नये. "साहेब, तुमच्या सीटला याची गरज नाही, नुसते साफ करून देतो" हे एक वाक्य दुकानाच्या पाटीपेक्षा जास्त गिऱ्हाईक आणते.

परक्या कंपनीने आपल्या चपलेचे नाव लपवले तेव्हा आपल्याला राग आला, तो योग्यच होता. तोच न्याय आपल्या काउंटरवर लावू या. रेक्झिन विकण्यात कमीपणा काहीच नाही; तोही कष्टाचा, हलाल धंदा आहे. फक्त त्याला रेक्झिन म्हणून विकावे. खऱ्या नावाने विकलेल्या मालात नफा चार पैसे कमी असेल, पण बरकत त्यातच आहे.