छऱ्याची बंदूक आणि क्विंटलभराचं डुक्कर



ज्वारी दुधात आली की गावोगाव छऱ्याच्या बंदुकीचा विषय निघतो. पोरं मोबाईलवर चित्रं दाखवतात. दुकानदार सांगतो, ‘डुकरं, रोही, वानरं, सगळ्यांवर चालते, वर लायसन लागत नाही.’ मग पहिल्या वेचणीचे पैसे हातात पडले की त्यातले सात-आठ हजार बंदुकीत जातात. आम्ही बंदुकीच्या विरोधात नाही. पोराला नेमबाजी शिकायची असेल, घरात हौस असेल, तर जरूर घ्यावी. कशी घ्यावी तेही पुढे सांगतो. पण पीक राखायचं हत्यार म्हणून जे आमच्या गळ्यात बांधलं जातं ते हत्यारच नाही, हे आधी ऐकून घ्या.

हिशेब साधा आहे. विनापरवाना मिळणाऱ्या बंदुकीचा छर्रा 4.5 मिलिमीटरचा, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे अशा बंदुकीची ताकद 20 जूलच्या वर जाता कामा नये. 20 जूल म्हणजे किती? एक किलोचा दगड दोन मीटर उंचीवरून पडला तर जेवढा मार बसेल तेवढा. आपल्या आजाच्या गोफणीतून 100 ग्रॅमचा दगड सेकंदाला 20 मीटर वेगानं सुटला, तर त्याचीही ताकद तेवढीच भरते. गोफणीला खर्च किती? सुतळीचा. आणि माळ्यावर उभी राहून गोफण फिरवणाऱ्या बाईला ती आठ हजाराला कुणी विकली नव्हती.

मोठं डुक्कर क्विंटलभर भरतं. खांद्यावरचं कातडं जाड, खाली चरबी. तिथं अर्ध्या ग्रॅमचं शिसं काय करणार? कातड्यात रुतून बसेल, जखम चिघळेल, आणि ते जखमी जनावर दुसऱ्या दिवशी पऱ्हाटीत दबा धरून बसलेलं असेल, जिथं सकाळी आमच्या बाया वेचणीला शिरतात. रोह्याचं तर नावच काढू नका, घोड्याएवढं जनावर ते. बरं, आवाजानं तरी भितील म्हणावं, तर या बंदुकीला धड आवाजही नाही. पत्र्याचा डबा तिच्यापेक्षा जास्त वाजतो. भोरड्यांचा थवा एका छऱ्यानं उठतो आणि शेजाऱ्याच्या कणसांवर जाऊन बसतो. शेजाऱ्यानंही बंदूक घेतली असेल तर परत आपल्याकडे. नफा कुणाचा? बंदूक विकणाऱ्याचा.

आता कायदा पाहा. दुकानदार ‘लायसन लागत नाही’ म्हणतो ते बंदुकीबद्दल खरं आहे, तेही 4.5 मिलिमीटर आणि 20 जूलच्या आत असेल तरच. पण तिच्यातून काय मारायचं याला लायसन लागतं, हे तो सांगत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली डुक्कर, रोही आणि पोपटसुद्धा संरक्षित आहेत. मोर पहिल्या अनुसूचीत. 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली, तिनं साधा दंडही 25 हजारांवरून एक लाखापर्यंत नेला, आणि तीन वर्षांपर्यंतची कैद आहेच. मोराला छर्रा लागला तर किमान तीन वर्षं, वर सातपर्यंत. आठ हजारांची बंदूक आणि लाखाचा दंड. याला म्हणतात चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

याच कायद्याचं कलम 39 तर प्रत्येकानं पाठ करावं असं आहे. रानातलं जनावर मेलेलं सापडलं, किंवा परवानगीनं मारलं, तर ते राज्य सरकारची मालमत्ता. म्हणजे मेल्यावर डुक्कर सरकारचं, आणि जिवंत असेतोवर ते जेवणार आमच्या धुऱ्याच्या आत! शेजाऱ्याचा बैल आमच्या ज्वारीत शिरला तर आम्ही त्याला कोंडवाड्यात घालतो आणि मालकाकडून भरपाई मागतो. सरकारच्या जनावराचा कोंडवाडा कुठं आहे? त्याच्या भरपाईसाठी मात्र अर्ज, फोटो, पंचनामा, खेटे. आणि हाती येतं ते बियाण्याच्या पिशवीलाही पुरेलच असं नाही.

काही मंडळी म्हणतात, जंगल शेतकऱ्यानं तोडलं, आता सोसा. आमच्या कोरडवाहू पट्ट्यात जंगल कुणी तोडलं याचा इतिहास काढायचा असेल तर आम्ही तयार आहोत, ठेकेदारांची नावं तेव्हा यादीत वर येतील. पण तो विषय आज बाजूला ठेवू.

महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. पीकरक्षणासाठी शेतकऱ्याला खरी बंदूक मिळण्याची वाट कायद्यात आहे. 1959 च्या शस्त्र कायद्याचं कलम 13 सांगतं की खरोखर पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागितली तर परवाना अधिकाऱ्यानं परवाना द्यायचा आहे. ‘देता येईल’ असं नाही, ‘देईल’ असं. अपात्रतेची कारणं पुढच्या कलमात आहेत, ती सोडली तर नाही म्हणायला जागा नाही. ठासणीची पुरत नसेल तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. आणि वन्यजीव कायद्याच्या कलम 11 खाली उभ्या पिकाला धोकादायक झालेलं डुक्कर किंवा रोही मारायची लेखी परवानगी वनाधिकारी देऊ शकतो. दोन्ही दारं कायद्यानं उघडी आहेत. आमच्यातल्या काहींनी ती ठोठावली. एका कचेरीतून उत्तर आलं की पोलिसांचा अहवाल यायचा आहे. दुसरीकडून उत्तरच आलं नाही. तिसऱ्या ठिकाणी साहेब म्हणाले, ‘कशाला भानगडीत पडता, छऱ्याची घ्या ना.’ ही छऱ्याची बंदूक म्हणजे सरकारनं आमच्या तोंडात दिलेलं चोखणं आहे, हे आम्ही म्हणतो ते याचसाठी.

बिहारात 2015 च्या डिसेंबरात केंद्रानं रोही आणि डुक्कर काही जिल्ह्यांपुरते ठराविक मुदतीसाठी उपद्रवी जाहीर केले. 2016 च्या फेब्रुवारीत उत्तराखंडात डुक्कर जाहीर झालं. कलम 62 तेव्हाही होतं, आजही आहे. आमची ज्वारी बिहारच्या मक्यापेक्षा हलक्या जातीची आहे काय?

तरी ज्याला हौसेनं घ्यायचीच आहे त्यानं डोळे उघडे ठेवून घ्यावी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं 2024 मध्ये पॅरिसला रायफलीत कांस्यपदक आणलं. गावच्या पोराचा नेम जगात चालतो हे त्यानं दाखवलं आहे. पहिली बंदूक स्प्रिंगची, नळी मोडून भरायची, 4.5 मिलिमीटरचीच घ्या. हवा भरून ठेवायच्या टाकीची बंदूक चांगली असते, पण तिला पंप वेगळा, किंमत कितीतरी जास्त, आणि वायसर फुटला तर तालुक्यात दुरुस्ती करणारा भेटत नाही. 5.5 मिलिमीटरची कुणी गुपचूप देत असेल तर हात लावू नका, तिला परवाना लागतो.

दुकानात नळी मोडून परत बसवा आणि आडवी हलवून पाहा; सांध्यात खेळ असेल तर ठेवून द्या. घोडा ओढताना झटका बसता कामा नये. डब्यावर छापलेल्या वेगाला भुलू नका, हलक्या धातूचा छर्रा घालून तो आकडा फुगवलेला असतो. खरी परीक्षा कागदावर. पोत्यावर बंदूक टेकवून दहा मीटरवरून शिशाचे पाच छर्रे मारायला मागा. ते रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत बसले तर माल बरा. दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा. दुर्बिणीवर पैसे घालू नका. स्प्रिंगच्या धक्क्यानं स्वस्त दुर्बीण महिन्यात ढिली होते. साधी माशी पुरते, आणि वाचलेल्या पैशात छर्रे येतात. पक्की पावती घ्या, तिच्यावर नळीचं माप आणि ताकद लिहून घ्या.

भरताना मोडलेली नळी एका हातानं घट्ट धरा, ती सुटून मिटली तर बोटं जातात. रिकामी उडवू नका, स्प्रिंग आणि वायसर मरतात. शिवणयंत्राचं तेल आत ओतू नका, ते दाबानं पेटतं. छर्रे तोंडात धरायची पोरांची सवय मोडा, शिसं विषारी आहे. आणि मागं मातीचा बांध असल्याशिवाय गोळी सोडू नका. दगडावरून उसळलेल्या छऱ्यानं डोळा जाऊ शकतो.

पीक राखायचं असेल तर तेच आठ हजार दुसरीकडे लावा. लागून शेतं असलेल्या चौघांनी मिळून सौर झटका मशीन घ्यावं; एकट्याला जड, चौघांना हलकं. थेट लाइनचा करंट तारेत सोडू नका, त्यात माणसंही मरतात. शिवारातली ज्वारी एकाच आठवड्यात पेरली तर पाखरं वाटली जातात. मागं-पुढं पेरणाऱ्याचं एकट्याचं शेत साफ होतं. चमकी पट्टी पहिले काही दिवस चालते, मग पाखरं सरावतात, म्हणून दाणा भरायच्या ऐन पंधरवड्यातच बांधा.

जिल्हा बैठकीला येताना ज्यांनी शस्त्र परवान्याचा किंवा डुक्कर मारण्याच्या परवानगीचा अर्ज केला असेल त्यांनी पोच-शिक्क्याची झेरॉक्स आणावी. ज्यांनी केला नसेल त्यांनी सातबारा, आधार आणि नुकसानीचा एक फोटो आणावा. अर्ज तिथंच लिहून देऊ आणि सगळे एकदम कचेरीत नेऊन टाकू. तारीख पडलेला अर्ज हातात असला की मगच साहेबाला विचारता येतं, कलम 13 मध्ये काय लिहिलंय ते वाचून दाखवा.