बांधलेला शकुन

विजयादशमीस नीलकंठाचे दर्शन शुभ, अशी श्रद्धा उत्तरेत आहे, तशीच तेलंगणातही आहे. संस्कृतात ज्यास चाष म्हणतात, तोच हा निळ्या पंखांचा पक्षी. आमचे भांडण त्या श्रद्धेशी नाही. तिच्या नावाने चाललेल्या बाजाराशी आहे.

दसरा जवळ आला की हैदराबादच्या आसपास हे पक्षी फाशांत धरले जातात. पाय बांधावयाचे, पंख कातरावयाचे किंवा चिकटवून टाकावयाचे, पिंजऱ्यात कोंबावयाचे आणि सणाच्या दिवशी देवळाच्या दाराशी पैसे घेऊन दाखवावयाचे, असा हा धंदा. टोळ व किडे टिपून जगणारा हा जीव पिंजऱ्यातल्या दाण्यांवर जगत नाही. कित्येक मरतात, सोडविलेले पुष्कळसे उडूच शकत नाहीत. आणि हाच पक्षी ‘पालपिट्टा’ या नावाने तेलंगणाचा राज्यपक्षी म्हणून मिरवितो!

कायदा याबाबत मुका नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात ‘शिकार’ या संज्ञेत पकडणे व फासात अडकविणे हेही येते. बेकायदा पकडलेला वन्य जीव कलम 39 अन्वये सरकारची मालमत्ता होय. तो दाखवून पैसे घेण्याचा हक्क कोणासही नाही.

‘आम्ही पकडला नाही, केवळ पाहिला, वर पैसे देऊन सोडविलाही,’ असे भाविक म्हणतील. चोरीचा ऐवज विकत घेऊन दान केल्याने चोरी धुतली जात नाही. उलट, त्या पैशानेच पुढच्या वर्षीचा फास विणला जातो.

वाचकहो, सीमोल्लंघन म्हणजे गावाची शीव ओलांडणे. माळावर, शेताच्या बांधावर अवचित दिसतो तो शकुन. पढविलेल्या साक्षीला न्यायालयात जी किंमत, तीच बांधून आणलेल्या शकुनाला. क्रौंचवधाच्या शोकातून ज्या समाजाचे आदिकाव्य जन्मले, त्याने आपल्या महाद्वारी पक्ष्यांचे पिंजरे मांडू द्यावेत काय?

देवस्थान समित्यांनी नवरात्रापूर्वीच ठराव करावा: आवारात पिंजरा येणार नाही, आल्यास वनखात्यास तत्काळ कळविले जाईल. पिंजरेवाल्याच्या पोटाची चिंता असेल, तर त्यास फुले-नारळ विकण्यास जागा द्यावी. आणि भाविकांनी एक पैसाही न देता शिवेबाहेर जावे. नीलकंठ दिसला तर हात जोडावेत. न दिसला तर तो का दिसेनासा झाला, याचा विचार करीत घरी परतावे.