चढ पाहावा, उंची नव्हे

मानकोलीच्या शिवारांत उभें राहून मुंबई-नाशिक महामार्गाकडे पाहिलें, तर भाताच्या खाचरांपेक्षां गुदामांचीं छपरेंच अधिक दिसतात. जमीन आटली, तशी उरलेल्या खाचरांतून अधिक पीक काढण्याची हांव वाढली; आणि पहिला हात युरियाच्या गोणीकडे जाऊं लागला. अशा वेळीं शेतकरी बंधूंनीं आलेखावरील रेषेचा चढ वाचावयास शिकावें, असें आम्हांस आग्रहानें सांगावयाचें आहे.

ही विद्या शाळेंतील मुलांपुरती आहे, असें कोणीं समजूं नये. पाणी खेळवितांना इतक्या हातांस जमीन किती उतरते, हें आपण पाहतोंच. आलेखांतही तेंच पाहावयाचें. चौकटींच्या कागदावर आडवे गोण्यांचे आंकडे व उभे भाताचे किलो मांडावे. एक गोणी पुढें सरकतांना रेषा जितके किलो वर जाते, तितका तिचा चढ.

समजा, एका एकरांत युरियावांचून 800 किलो भात झालें. एका गोणीनें 1100, दोहोंनीं 1250, तिहींनीं 1255 व चोहोंनीं 1200. म्हणजे चढ क्रमानें 300, 150 व 5 किलोंचा. शेवटीं तर 55 किलोंचा उतार! सर्वांत उंच बिंदु तीन गोण्यांचा आहे, आणि तेथेंच फसगत होते. 2025-26 च्या खरिपासाठीं साधारण भाताचा आधारभाव क्विंटलास 2369 रुपये ठरला. त्या भावानें 5 किलोंचे सुमारें 118 रुपये येतात. युरियाची 45 किलोंची गोणी 266 रुपये 50 पैशांची. म्हणजे मजुरी न धरतांही गोणी फिटावयास सव्वाअकरा किलोंचा चढ हवा. शिवाय नत्र अति झालें कीं पीक माजतें, लोळतें आणि करपा व तुडतुडे यांस बळी पडतें. गोणी स्वस्त म्हणून घालावी, हें म्हणणें आम्हांस मान्य नाहीं.

दुसऱ्याचा आलेख पाहतांना उभे आंकडे कोठून सुरू होतात, हें आधीं पाहावें. शून्याऐवजीं 1200 पासून आरंभ केला, तर 50 किलोंची टेकडीही डोंगराएवढी दिसते.

प्रत्येक जमिनीचा चढ निराळा. म्हणून येत्या खरिपांत एका खाचरांत मधें बांध घालून, एकाचें पाणी दुसऱ्यांत जाऊं न देतां, सारखे चार-पांच वाफे करावे. प्रत्येकास निराळी मात्रा देऊन कापणीस भात वजन करावें. तो आलेख ज्यानें स्वतः काढला, त्यास पुढची गोणी घ्यावी कीं नाहीं, हें दुकानदारास विचारावें लागणार नाहीं.