थंडीतील फराळ आणि पेरूची वाटी

मार्गशीर्ष लागला की भूक वाढते, आणि शाळेतून परतलेल्या मुलाच्या हातावर काय ठेवावे, हा प्रश्न घरोघरी नित्य उपस्थित होतो. या प्रश्नाचे उत्तर अलीकडे आपण बहुतेक ठिकाणी दुकानदारावर सोपविले आहे, आणि दुकानदार ते मैदा, साखर व तेल या तीनच पदार्थांच्या निरनिराळ्या पुड्यांच्या रूपाने देतो. ज्या ऋतूत पेरू, बोर, आवळा आणि संत्रे ही चारही फळे आपल्या बाजारात एकाच वेळी विपुल येतात, त्या ऋतूत मुलांच्या फराळातून फळ हद्दपार व्हावे, ही गोष्ट मला केवळ दुःखदच नव्हे, तर अकारण वाटते. कारण ती टाळण्यास द्रव्याची नव्हे, केवळ थोड्या अवधानाची आवश्यकता आहे.

या चौघांतही सर्वसामान्य कुटुंबाला सर्वांत उपकारक फळ पेरू होय, असे माझे मत आहे. पेरूच्या झाडाला वर्षातून एकाहून अधिक वेळा बहार येतो. परंतु उन्हाळ्यात बागेचे पाणी तोडून, झाडाला विश्रांती देऊन, पावसाच्या आरंभी जो मृग बहार धरला जातो, त्याचीच फळे हिवाळ्यात हाती येतात. पावसाळ्यातील पेरू पाणचट असतो आणि त्यात फळमाशीच्या अळ्याही फार. थंडीतले फळ मात्र घट्ट, गोड आणि सुवासिक असते, व त्यातील क जीवनसत्त्वही अधिक असते. हे फळ मूळचे अमेरिका खंडातील, पण आपल्या भूमीत ते इतके रुजले की राहात्यासारख्या गावाची ओळखच पेरूच्या बागांनी व्हावी, आणि पुण्याच्या गणेशखिंड येथील फळसंशोधन केंद्रात निवडलेला सरदार अथवा लखनौ-४९ हा वाण देशभर लावला जावा.

शंभर ग्रॅम पेरूत सुमारे २०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. संत्र्यात त्याचा चौथा हिस्सा मिळाला तरी पुष्कळ. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढ पुरुषासाठी रोज ८० मिलिग्रॅम इतक्या मात्रेची शिफारस केली, म्हणजे एका मध्यम पेरूने दिवसाची गरज सहज भागते. परंतु पेरूचे खरे महत्त्व याहूनही निराळ्या ठिकाणी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी ६७ टक्के, आणि १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत, तथापि लोहाची उणीव हे त्यांतील एक प्रमुख कारण होय. आपल्या थंडीच्या आहारात लोह नाही असे नाही. बाजरीच्या भाकरीत ते आहे, तिळात आहे, मेथीच्या भाजीत आहे. मात्र वनस्पतिजन्य लोह शरीरात सहजासहजी शोषले जात नाही, आणि जेवणासोबत घेतलेला चहा त्या शोषणात आणखी अडथळा आणतो. क जीवनसत्त्व त्याच लोहाला शरीराने स्वीकारावे असे रूप देते. तथापि हा लाभ पदरात पडण्यासाठी फळ भाकरीबरोबर किंवा तिळाबरोबर, एकाच वेळी, खाल्ले पाहिजे. चहा तासाभराच्या अंतराने घ्यावा.

म्हणूनच ज्या वाटीची मी शिफारस करतो, तिच्यात पेरू आणि तीळ हे दोन्ही आहेत. देठाजवळ पिवळसर झालेला, बोटाने दाबल्यास किंचित दबणारा पेरू घ्यावा. कच्चा तुरट लागतो आणि अतिपक्व फळाच्या फोडी राहत नाहीत. तो स्वच्छ धुऊन, साल न काढता चिरावा, कारण जीवनसत्त्वाचा मोठा अंश सालीत व सालीलगतच्या गरात असतो. संत्र्याच्या चार पाकळ्या सोलून, बिया काढून त्यात घालाव्यात, आणि मिळाल्यास अर्ध्या आवळ्याचा कीस. आवळा लोखंडी विळीवर काळा पडतो, तेव्हा पोलादी सुरी अथवा किसणी वापरावी. तांब्यापितळेच्या भांड्यात फळ ठेवू नये, कारण त्यांच्या संपर्काने जीवनसत्त्वाचा नाश त्वरेने होतो. वर चमचाभर भाजून जाडसर कुटलेले तीळ, चिमूटभर जिरेपूड आणि अगदी थोडे सैंधव घालावे. मीठ वाढतेवेळीच घालावे, नाहीतर फोडींना पाणी सुटते. चिरणेही आयत्या वेळीच करावे. साखरेची यात गरज नाही. दात कमजोर असलेल्या वडीलधाऱ्यांसाठी मधला बियांचा गर चमच्याने काढून टाकावा.

पेरूने खोकला होतो, असा समज अनेक घरांत दृढ आहे, आणि मुलांच्या काळजीपोटीच तो जपला जातो. सर्दीखोकला बहुतांशी विषाणूंमुळे होतो, फळामुळे नव्हे. त्याचबरोबर क जीवनसत्त्वाने सर्दी टळते, असाही दावा मी करणार नाही. नित्य सेवनाने तिचा काळ थोडा कमी होतो, इतकेच संशोधनातून दिसते. फळ शीतकपाटातून काढून लगेच देऊ नये, एवढी दक्षता घेतली की पुरे.

आपल्या पूर्वजांनी ऋतूचे फळ मुलांपर्यंत पोचविण्याची तजवीज सणांतच करून ठेवली होती. कार्तिकात आवळीच्या झाडाखाली भोजन, संक्रांतीच्या सुगडात बोरे आणि गाजर, आणि तान्ह्या मुलाच्या बोरन्हाणात तर फळांचा अक्षरशः वर्षाव. सण उरले, पण सणानंतरच्या रोजच्या दिवसांत ते फळ ताटात आले नाही. ही उणीव घराने भरून काढावी, आणि ज्या घरांना ती ऐपत नाही, त्यांच्यासाठी शाळेने.

शालेय पोषण आहाराची व्यवस्था आपल्याकडे सिद्धच आहे. तिच्यासाठी स्वयंपाकी आहेत, हिशेबाची दप्तरे आहेत. मार्गशीर्ष ते माघ या तीन महिन्यांत आठवड्यातून निदान दोन दिवस, खिचडीसोबतच, प्रत्येक विद्यार्थ्याला एक पेरू द्यावा, आणि तो तालुक्यातील बागायतदाराकडून स्थानिक भावाने खरेदी करण्याची मुखत्यारी शाळेच्या व्यवस्थापन समितीला असावी. जिल्ह्याच्या ठिकाणाहून निविदा काढून पाठविलेले फळ नासून पोचेल. गावातून सकाळी तोडलेले फळ दुपारी मुलाच्या हाती पडेल. बहाराच्या भरात भाव कोसळल्याने हवालदिल होणाऱ्या शेतकऱ्यालाही यात खात्रीचे गिऱ्हाईक मिळेल. या खर्चाची स्वतंत्र तरतूद शिक्षण खात्याने येत्या अंदाजपत्रकात करावी, आणि ती होईपर्यंत ज्या गावांत पेरूच्या बागा आहेत तेथील ग्रामपंचायतींनी लोकवर्गणीतून आरंभ करावा.