चित्र बाईचं, आवाज कुणाचा?

आमच्या तालुक्याच्या गावात केबलचं एक स्थानिक चॅनल आहे. संध्याकाळी साडेसातला वीस मिनिटं बातम्या, सकाळी त्याच परत. बाकी वेळ भजनं, जुनी गाणी आणि खाली सरकणारी पट्टी : वाढदिवसाच्या शुभेच्छा, भावपूर्ण श्रद्धांजली, म्हैस विकणे आहे, उद्या नळाला पाणी येणार नाही. हल्ली त्याच बातम्या मोबाइलवरही फिरतात. चॅनलचा मालक धरून चार माणसं. त्यांतली एक बाई. ती बातम्या लिहिते, वाचते, गरज पडली तर कॅमेरा धरते, जाहिरातींचे पैसे मागायला दुकानांच्या पायऱ्या चढते आणि ऑफिसचा केरही काढते. गाव तिला 'टीव्हीवाली ताई' म्हणतं. तिला विचारूनच हे लिहिते आहे. मात्र तिचं आणि गावाचं नाव देत नाही, काही तपशीलही बदलले आहेत. का, ते पुढे येईलच.

आठवड्यातून एकदा तरी ती आमच्या सल्ला केंद्रावर चहाला टेकते आणि आम्ही सगळ्याजणी पोट धरून हसतो. तिच्याकडे किस्स्यांना तोटा नाही.

चॅनलचं ऑफिस पिठाच्या गिरणीच्या डोक्यावर. गिरणी चालू असली की बातम्या वाचता येत नाहीत. वीज गेली की गिरणी गप्प होते, पण मग दिवेही जातात. म्हणजे गिरणी बंद आणि वीज चालू असा जो मुहूर्त मिळेल तो बातम्यांचा. शेवटी तिने गिरणीवाल्याशी तह केला : रोज चार ते साडेचार त्याने निवांत चहा प्यायचा. साडेसातच्या 'ताज्या बातम्या' त्या चहाच्या वेळात भरलेल्या असतात.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. तिथे सुरुवातीच्या काळात बातम्या वाचणारी स्मिता पाटील जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायची, असं सांगतात. आमच्या टीव्हीवालीचंही तसंच. टेबलाच्या वर इस्त्रीची साडी, टेबलाखाली चिखलाने भरलेले बूट, कारण ती नुकतीच कुठल्या तरी पाणंद रस्त्याचं शूटिंग करून आलेली असते.

एकदा तिने मामीने दिलेली पोपटी साडी नेसली. मागचा पडदाही हिरवा. त्या हिरव्या रंगाच्या जागी कॉम्प्युटरवर हवं ते चित्र बसवतात. बातमी होती धरण भरल्याची. घराघरांत दिसलं ते असं : वर ताईंचं डोकं, बाजूला दोन हात आणि मधल्या सगळ्या भागात धो धो वाहणारं धरण. दुसऱ्या दिवशी भाजीवाली तिला म्हणाली, "ताई, काल तुमच्यात लई पाणी दिसलं!"

भाजीवाली थट्टेत बोलली, पण खरं बोलली. या बाईत पाणी आहेच. ते कसं, हे तिच्या पुढच्या किस्स्यावरून कळेल.

एका गावच्या सरपंचबाईंची मुलाखत घ्यायला ती गेली. कॅमेरा बाईंवर. प्रश्न विचारला की उत्तर यायचं ते बाजूला उभ्या असलेल्या यजमानांकडून. दोन-तीनदा तसं झाल्यावर ती म्हणाली, "भाऊ, तुम्ही फ्रेममध्ये नाही आहात." भाऊ म्हणाले, "मग फ्रेम मोठी करा."

तिने फ्रेम मोठी केली नाही. जसं चित्रित झालं तसंच दाखवलं. पडद्यावर सरपंचबाईंचा मिटलेल्या ओठांचा चेहरा आणि त्यावर पुरुषाचा भारदस्त आवाज. खाली नाव आणि पद बाईंचं. गाव हसलं. गंमत म्हणजे आठवड्याने सरपंचबाईंचाच फोन आला : "परत या. ह्यांना तालुक्याला धाडलंय." त्या दिवशी बाई नळयोजनेवर आणि अंगणवाडीवर अकरा मिनिटं न थांबता बोलल्या. मालकाने त्यातली चाळीस सेकंदं ठेवली. पण आवाज बाईंचा होता.

१९९३ मध्ये ७३वी घटनादुरुस्ती अमलात आली, २०११ मध्ये महाराष्ट्राने स्थानिक स्वराज्य संस्थांतल्या निम्म्या जागा बायकांसाठी राखल्या. खुर्ची मिळाली. त्या खुर्चीतला आवाज ऐकू यायला मात्र कुणीतरी 'फ्रेम मोठी करणार नाही' म्हणावं लागतं. जगभरच्या बातम्यांची दर पाच वर्षांनी एक पाहणी होते. ज्यांच्याबद्दल बातमी असते किंवा जे बातमीत बोलतात, त्या शंभर माणसांत बायका किती, हे ती मोजते. १९९५ साली हा आकडा १७ होता, २०२० साली २५. पंचवीस वर्षांत आठ.

मैत्रिणींनो, इथवर आपण मजेत हसू शकतो, कारण हसू दुसऱ्यांवर आहे. आता थोडं आपल्याकडे वळू.

आमच्याच संस्थेचा ८ मार्चचा कार्यक्रम. टीव्हीवाली शूटिंगला आली होती. संध्याकाळी सगळ्या बायका टीव्हीसमोर बसल्या. दिसलं काय? पाहुण्यांनी समई लावली. पाहुण्यांचा सत्कार झाला. नऊवारी नेसलेल्या दोन मुली तबक धरून उभ्या होत्या. पाहुणे 'स्त्री ही शक्ती आहे' असं पुष्कळ वेळ बोलले. आमच्या बायकांनी महिनाभर बसवलेलं दारूबंदीवरचं पथनाट्य कुठेच नाही. मी तावातावाने तिला फोन केला. ती शांतपणे म्हणाली, "अगं, चॅनलकडे गाडी नाही. मी पाहुण्यांच्या गाडीतून आले होते. ते उठले, मी उठले. आणि तुमची प्रेस नोट बघ."

मी बघितली. माझ्याच अक्षरातली. तीत सात पाहुण्यांची नावं पदांसकट होती. शेवटी एक ओळ : 'यावेळी परिसरातील महिला मोठ्या संख्येने उपस्थित होत्या.'

मोठ्या संख्येने उपस्थित! चॅनलला नावं ठेवणाऱ्या आम्हीच आमच्या बायकांना संख्या करून टाकलं होतं. बातमी गाडीच्या मागे जाते आणि गाडी पाहुण्यांची असते, हे साधं गणित एम. एस. डब्ल्यू.च्या दोन वर्षांत मला कुणी शिकवलं नव्हतं. ते तिने चहाच्या एका कपात शिकवलं.

ती आमच्या कार्यशाळांतून कायदा शिकली, हेही खरं. मध्यंतरी एका मुलीवर अत्याचार झाला. मालक म्हणाला, घर लांबून घे. तिने नकार दिला. "लांबून घेतलं तरी गावाला घर कळतंच." पीडितेची ओळख उघड करणं हा १९८३ पासून गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये आहे आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत आहे. हे तिने मालकाला तोंडपाठ ऐकवलं. त्या दिवशी तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर ते घर गावभर झालं असतं. कॅमेऱ्यामागे बाई का हवी, असं विचारणाऱ्यांना मी हा प्रसंग सांगते.

दुसऱ्या मुलीसाठी कायदा वापरणाऱ्या या बाईला स्वतःसाठी तो आहे, हे मात्र आम्ही कधी सांगितलं नव्हतं.

तिचा एक नेहमीचा किस्सा कॉलर माइकचा. मुलाखतीआधी हा छोटा माइक पाहुण्याच्या सदऱ्याला लावावा लागतो. पुरुष सहकारी लावतो तेव्हा कुणाला काही सुचत नाही. ती पुढे झाली की वयोवृद्ध पुढाऱ्यांनाही विनोद सुचतात. "जरा काळजाजवळ लावा हो ताई!" तिने यावर तोडगा काढला. माइक हातात द्यायचा आणि म्हणायचं, "तुम्हीच लावा. वायर सदऱ्याच्या आतून घ्या." मग पाहुणा पाच मिनिटं स्वतःच्याच सदऱ्यात गुरफटतो. यावर आम्ही खूप हसलो. ती आमच्याइतकी हसली नव्हती, हे मला नंतर आठवलं.

पुढे आम्ही कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या २०१३ च्या कायद्यावर कार्यशाळा घेतली. मी दोन तास बोलले. ती दोन तास कॅमेऱ्यामागे उभी होती. कुणी तिला खुर्ची दिली नाही, पाणी विचारलं नाही. सगळ्या गेल्यावर वायरी गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली, "दहापेक्षा कमी माणसांच्या ऑफिसचं काय म्हणालीस? परत सांग."

मग सगळं बाहेर आलं. एक मोठा जाहिरातदार. पैसे मागायला गेलं की बसवून ठेवायचं. एकदा त्याने माइक तिच्या हातातून घेतला. "तुम्ही सगळ्यांना लावता, आज आम्ही तुम्हाला लावतो." तिने हात झटकला आणि निघून आली. मालकाला सांगितलं, तर तो म्हणाला, "मोठी पार्टी आहे. सांभाळून घे." तिला नेमणूकपत्र नाही, पगार नाही. जाहिरात आणली तर तिच्यातलं कमिशन, तेही जाहिरातदाराने दिलं तर. म्हणजे जो हात झटकायचा, पोट त्याच हातात.

केबलचा कायदा १९९५ चा. स्थानिक वाहिन्यांसाठी केंद्राने नोव्हेंबर २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या : कंपनी नोंदलेली हवी, वाहिनीमागे एक हजार रुपये नोंदणी फी, वगैरे. त्यांचा विषय वाहिनी आहे. वाहिनीत राबणारीसाठी आपल्याला २०१३ च्या कायद्याकडेच यावं लागतं. त्यात काय आहे, ते मी तिला परत सांगितलं. इथेही सांगते.

त्या कायद्यात 'कर्मचारी' म्हणजे फक्त पगारपत्रकावरची बाई नव्हे. रोजंदारीची, तात्पुरती, मानधनावरची, अगदी विनामोबदला काम करणारीही त्यात येते. कामानिमित्त ती जिथे जाते ती जागा, जाताना वापरायला दिलेलं वाहन, हेही कामाचं ठिकाणच. म्हणजे जाहिरातदाराचं दुकानही. बाहेरच्या माणसांपासून तिला सुरक्षित ठेवणं हे मालकाचं कर्तव्य आहे. 'सांभाळून घे' म्हणायची सोय त्याला कायद्याने ठेवलेली नाही. जिथे दहापेक्षा कमी माणसं काम करतात, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध आहे, तिथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. प्रत्येक तालुक्यात तक्रार स्वीकारणारा समन्वय अधिकारी नेमलेला असायला हवा आणि त्याने ती सात दिवसांत समितीकडे धाडायला हवी. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करायची. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं समितीवर बंधनकारक आहे. चौकशी नव्वद दिवसांत पुरी व्हायला हवी.

तक्रार करायची की नाही, हे ती ठरवते आहे. मुदत अजून संपलेली नाही. निर्णय तिचा आहे आणि काहीही ठरवलं तरी आम्ही बरोबर आहोत. एवढं मात्र तिने केलं : त्या दुकानात एकटी जाणार नाही आणि मला नेमणूकपत्र हवं, अशी दोन वाक्यं कागदावर लिहून मालकाला दिली.

आपल्या चळवळीत 'प्रसारमाध्यमांतली स्त्रीची प्रतिमा' यावर आपण खूप बोललो. ते बोलणं गरजेचं होतं आणि आहे. पण प्रतिमेबद्दल बोलताना ती प्रतिमा टिपणारी, चिखलाच्या बुटांतली बाई आपल्या नजरेतून सुटली. आपण तिला प्रसिद्धीचं साधन समजलो. ती कामगार आहे. अहमदाबादला 'सेवा'ने १९८४ साली व्हिडिओचं काम सुरू केलं तेव्हा कष्टकरी बायका, त्यांत अक्षरओळख नसलेल्याही, कॅमेरा शिकल्या. उत्तर प्रदेशात चित्रकूट जिल्ह्यात २००२ साली ग्रामीण बायकांनी 'खबर लहरिया' हे वर्तमानपत्र काढलं. बाई बातमी करू शकते का, हा प्रश्न कधीच निकाली निघाला आहे. बातमी करणाऱ्या बाईच्या पाठीशी कोण, हा प्रश्न मात्र तसाच आहे, आणि आपल्या दारात आहे.

म्हणून प्रत्येक गटाने काही साध्या गोष्टी कराव्यात असं मला वाटतं. आपल्या तालुक्याचा समन्वय अधिकारी कोण आणि जिल्ह्याची स्थानिक समिती कुठे बसते, हे शोधून केंद्राच्या भिंतीवर लावा. नेमणूक झालीच नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करा. त्या समितीवर बायकांसाठी काम करणाऱ्या संस्थांचे दोन सदस्य असावे लागतात. ती जागा कुणी भरली आहे, ते विचारा. प्रेस नोटमध्ये बोललेल्या बायकांची नावं आणि प्रत्येकीचं एक वाक्य आधी घाला, पाहुणे मागाहून. आणि बातमीदार मुलीला बोलावताना तिच्या येण्या-जाण्याचा खर्च आपण करा, म्हणजे पाहुणे उठले तरी तिला उठावं लागणार नाही.

येत्या ८ मार्चला आम्ही पाहुणे बोलावलेले नाहीत. कॅमेरा बचत गटातली एक मुलगी धरणार आहे; ती सध्या गिरणीच्या चहाच्या वेळात वर जाऊन शिकते आहे. बोलणार आहे टीव्हीवाली. कॉलर माइक तिचा तीच लावणार आहे.